विक्रोळीच्या दवाखान्यातील आजी



जयपूरहून दिल्लीकडे जाताना राजधानी येण्याच्या थोडे आधी गुरुग्राम लागते. या शहराच्या हद्दीत 'कार्टरपुरी' नावाची एक वस्ती आहे. पूर्वी ते दौलतपूर नसीराबाद नावाचे साधे खेडे होते. ३ जानेवारी १९७८ रोजी अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर आणि त्यांच्या पत्नी रोझलिन या खेड्यात आले आणि त्या भेटीची आठवण म्हणून गावाने आपले नावच बदलले. राष्ट्राध्यक्षांच्या मातोश्री परिचारिका म्हणून याच गावी राहिल्या होत्या, असे तिकडे पुष्कळदा ऐकू येते. गावाचे प्रेम खरे आहे, यात संशय नाही. परंतु त्या मातोश्रींनी आपल्या सेवेचा काळ जेथे घालवला ती जागा आपल्याच महाराष्ट्रात आहे. मुंबईच्या मध्य रेल्वेमार्गावरील विक्रोळी ही ती जागा होय.

या स्त्रीचे नाव लिलियन कार्टर. सारे जग त्यांना 'मिस लिलियन' म्हणून ओळखत असे. त्या परिचारिका होत्या, चार मुलांची आई होत्या आणि अनेक नातवंडांची आजी होत्या. सत्ताधीशाची माता म्हणून त्यांचे नाव जगभर झाले. परंतु त्यांची आठवण आज तुमच्यापुढे ठेवण्याचे कारण निराळे आहे. विक्रोळीच्या एका दवाखान्यात, एका लहान मुलीपुढे, त्यांच्या मनाची जी परीक्षा झाली ती तुमच्याआमच्या प्रत्येकाची परीक्षा आहे, म्हणून हा चरित्रलेख.

बालपण आणि शिक्षण

लिलियन गॉर्डी यांचा जन्म १५ ऑगस्ट १८९८ रोजी अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यात, रिचलंड नावाच्या लहान गावी झाला. पुढे जो दिवस आपला स्वातंत्र्यदिन ठरला, तोच त्यांचा जन्मदिवस. वडील जिम जॅक गॉर्डी हे गावचे पोस्टमास्तर होते. त्या काळी त्या प्रांतात गोऱ्यांनी कृष्णवर्णीयांना आपल्या पंक्तीला बसवायचे नाही, पुढच्या दाराने घरात घ्यायचे नाही, असा कडक रिवाज होता. शाळा वेगळी, गाडीतील जागा वेगळी, उपासनेचे मंदिरही वेगळे. आपल्याकडील शिवाशिवीचे चटके ज्यांनी सोसले आहेत किंवा पाहिले आहेत त्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. पोस्टमास्तर गॉर्डी मात्र कृष्णवर्णीयांशी माणसासारखे वागत. त्यांच्या घरात वाढलेल्या मुलीने हा धडा पुस्तकातून घेतलेला नव्हता. तो तिने घरच्या ओसरीवरच पाहिला होता.

१९२० साली लिलियन जवळच्या प्लेन्स या गावी आल्या आणि तेथील वाइज रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. हे शिक्षण त्यांनी १९२३ साली अटलांटा शहरातील ग्रेडी रुग्णालयात पूर्ण केले. त्याच वर्षी अर्ल कार्टर या शेतकरी-व्यापारी तरुणाशी त्यांचा विवाह झाला. १ ऑक्टोबर १९२४ रोजी थोरला मुलगा जिमी याचा जन्म प्लेन्सच्या रुग्णालयात झाला. रुग्णालयात जन्मलेला अमेरिकेचा हा पहिला राष्ट्राध्यक्ष होय. ज्या काळात बहुतेक बाळंतपणे घरीच होत, त्या काळात हे घडले, याचे कारण आईच्या व्यवसायात शोधले पाहिजे. त्यानंतर ग्लोरिया, रूथ आणि सर्वांत धाकटा बिली अशी मुले झाली.

शेजारधर्म आणि मातृधर्म

१९२८ साली हे कुटुंब प्लेन्सजवळच्या आर्चरी या वस्तीत राहावयास गेले. तेथील बहुतेक शेजारी कृष्णवर्णीय शेतमजूर होते. डॉक्टर दूर आणि पैसा नाही, अशा त्या लोकांच्या आजारपणात कार्टरांच्या घरची परिचारिका हाच मोठा आधार होता. लिलियनबाई त्यांच्या झोपड्यांत शिरत, बाळंतिणींची काळजी घेत, तापाने फणफणलेल्या मुलांच्या उशाशी रात्री काढत. ज्यांना देता येई त्यांच्याकडून त्या ठरलेला मोबदला घेत. वीस तासांच्या पाळीला सहा डॉलर, असा तो काळ होता. ज्यांना देता येत नसे ते कधी कोंबडी आणून देत, कधी अंडी, कधी रानातली फळे. ही भेट लिलियनबाई नाकारीत नसत. गरिबाची ओंजळ परत लोटणे म्हणजे त्याचा अपमान करणे, हे त्या जाणून होत्या.

या सेवेची किंमत घरच्या मुलांनाही मोजावी लागली, हे सांगितल्याशिवाय चरित्र खरे होणार नाही. आई वीस-वीस तास बाहेर असे. मुले शाळेतून घरी येत तेव्हा एका लहानशा काळ्या टेबलावर तिची चिठ्ठी असे. कोणी काय करायचे आणि कोठे काय ठेवले आहे, हे सारे तिच्यात लिहिलेले असे. हे काळे टेबल हीच आपली आई, अशी थट्टा मुले मोठेपणी करीत असत. थट्टेच्या तळाशी थोडे दुखणेही असणारच. नोकरी करणाऱ्या माता-भगिनींनो, तुम्हांला ही चिठ्ठी ओळखीची वाटेल. परंतु त्याच मुलांनी हेही पाहिले की, आपली आई ज्या दारी जाते त्या दारी रंग पाहून जात नाही. चिठ्ठीवर न लिहिलेली ही गोष्ट त्यांच्या अंतःकरणावर लिहिली गेली.

१९२७ साली शेजारच्या स्मिथ कुटुंबात एक मुलगी जन्मली. त्या बाळंतपणात परिचारिका लिलियनबाईच होत्या. बाळ दाखवावे म्हणून त्या आपल्या तीन वर्षांच्याही न झालेल्या जिमीला तेथे घेऊन गेल्या. तेच बाळ म्हणजे पुढे त्यांची सून झालेली रोझलिन. रोझलिनचे वडील १९४० साली रक्ताच्या कर्करोगाने मरणपंथाला लागले, तेव्हाही त्यांची शुश्रूषा लिलियनबाईंनी केली. सून घरात येण्यापूर्वीच सासू तिच्या घरी सेविका होऊन गेली होती! रूथ आणि नामी यांच्या कथेवर आपण पुष्कळ उपदेश ऐकतो. सासू-सुनेचे असेही एक चित्र आपल्या संग्रही असावे.

आर्चरीत कृष्णवर्णीयांच्या मेथॉडिस्ट मंडळीचे बिशप विल्यम जॉन्सन राहत असत. त्यांचा उच्चशिक्षित मुलगा गावी आला की लिलियनबाईंना भेटावयास येई आणि थेट पुढच्या दाराने येई. अर्ल कार्टर हे रविवारच्या शाळेत शिकवणारे देवभीरू गृहस्थ होते, परंतु रिवाज मोडणे त्यांना जमत नसे. ते घराबाहेर निघून जात. लिलियनबाई पाहुण्याला बैठकीच्या खोलीत बसवून बोलत राहत. पती-पत्नीत यावरून भांडण झाले नाही आणि दारही बंद झाले नाही.

वैधव्य

१९५३ साली अर्ल कार्टर स्वादुपिंडाच्या कर्करोगाने मरण पावले. थोरल्या जिमीने नौदलातील नोकरी सोडली आणि शेती व व्यापार सांभाळण्यासाठी तो गावी परतला. लिलियनबाईंचे वय तेव्हा अवघे चोपन्न होते. घर होते, पण घराचे कारण गेले, अशी त्यांच्या मनाची अवस्था झाली. विधवेचे दुःख धार्मिक शब्दांनी झाकता येत नाही, आणि लिलियनबाई झाकणाऱ्यांपैकी नव्हत्याही. त्यांनी काम शोधले. ऑबर्न येथील विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाची गृहमाता म्हणून त्यांनी काही वर्षे काढली. पुढे ब्लेकली गावी वृद्धांच्या शुश्रूषागृहाचा कारभार पाहिला.

ती वर्षे अमेरिकेत नागरी हक्कांच्या लढ्याची होती. १९६४ च्या निवडणुकीत त्यांनी आपल्या भागात लिंडन जॉन्सन यांच्या प्रचाराची जबाबदारी उघडपणे घेतली. जॉन्सन यांनी कृष्णवर्णीयांच्या हक्कांचा कायदा केलेला असल्यामुळे गावातील गोरे लोक खवळले होते. लिलियनबाईंच्या मोटारीची नासधूस होई, तरी त्या रोज कचेरीत जाऊन बसत.

त्याहून कठीण प्रसंग १९६५ साली आला, आणि तो आला देवाच्या मंदिरात. कृष्णवर्णीय लोक उपासनेस आले तर त्यांना आत घेऊ नये, असा ठराव प्लेन्सच्या बॅप्टिस्ट मंडळीपुढे मांडण्यात आला. जिमी कार्टर यांनी त्याविरुद्ध भाषण केले. मतदान झाले तेव्हा ठरावाच्या बाजूने चोपन्न आणि विरोधात सहा मते पडली. त्या सहांतील पाच कार्टर कुटुंबातील होती आणि त्यांत आजी लिलियनही होत्या. उरलेल्या पुष्कळ लोकांनी मतच दिले नाही. वाचकहो, मला त्या चोपन्न लोकांपेक्षा हे गप्प बसलेले लोक अधिक अस्वस्थ करतात. आपण त्या दिवशी तेथे असतो तर कोणत्या बाकावर बसलो असतो?

अडुसष्टाव्या वर्षी विद्यार्थिनी

१९६६ साली एके रात्री लिलियनबाई दूरचित्रवाणी पाहत होत्या. अमेरिकन सरकारच्या 'पीस कोअर' या संस्थेची जाहिरात लागली. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी १९६१ साली स्थापन केलेली ही संस्था आपल्या स्वयंसेवकांना दोन वर्षांसाठी परदेशी पाठवीत असे. तेथे जाणारे बहुतेक विशी-पंचविशीतील तरुण असत. परंतु वयाची आडकाठी नाही, असे जाहिरातीत सांगितले होते. लिलियनबाई अडुसष्टीच्या उंबरठ्यावर होत्या. त्यांनी अर्ज केला, आणि जेथे हवा उष्ण आहे व जेथील लोक सावळे आहेत अशा गरीब देशात मला पाठवा, असे कळवले.

शिकागो विद्यापीठात त्यांचे प्रशिक्षण झाले. तेथे त्यांना शिकावी लागलेली भाषा कोणती, हे कळल्यावर तुम्हांला आनंद होईल. ती आपली मराठी होती! 'ळ' आणि 'ण' यांच्याशी झगडणाऱ्या त्या अडुसष्ट वर्षांच्या विद्यार्थिनीचे चित्र डोळ्यांपुढे आणा. भाषांतराच्या कामात ज्याची हयात गेली त्या माझ्यासारख्या माणसाला हे चित्र फार मोलाचे वाटते. एखाद्या माणसाची भाषा शिकणे म्हणजे त्याच्या दाराबाहेर जोडे काढून उभे राहणे होय. लिलियनबाईंना मराठी कधी सफाईने आली नाही. पण मोडके का होईना, चार शब्द त्यांच्यापाशी होते. आणि पुढे पाहाल की, ते चारच शब्द पुरेसे ठरले.

त्या प्रशिक्षणात असतानाच, सप्टेंबर १९६६ मध्ये, जिमी कार्टर जॉर्जियाच्या राज्यपालपदाच्या प्राथमिक निवडणुकीत पराभूत झाले. मुलगा खचला होता. आई घरी परतली असती तर कोणी दोष दिला नसता. ती परतली नाही. डिसेंबर १९६६ मध्ये लिलियनबाई भारतात पोहोचल्या.

विक्रोळी

त्या काळचे विक्रोळी आजच्यासारखे गजबजलेले नव्हते. एका बाजूस ठाण्याची खाडी व तिच्या काठची तिवरांची झाडी, मध्ये पिरोजशा गोदरेज यांनी उभारलेले कारखाने आणि कामगारांची पिरोजशानगर ही वसाहत, आणि सभोवार पोटासाठी मुंबईस आलेल्या माणसांच्या झोपड्या. या वसाहतीत लिलियनबाई राहू लागल्या. प्रथम त्यांच्याकडे कुटुंबनियोजनाचे काम होते. ते त्यांच्या मनास रुचेना. त्यांचे हात परिचारिकेचे होते आणि ते आजाऱ्याकडे ओढ घेत. पुढे त्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करू लागल्या, तेव्हा त्यांना आपली खरी जागा सापडली.

या दवाखान्यात घडलेली एक गोष्ट त्यांनी घरी सांगितली आणि त्यांच्या मुलाने पुढे, १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कवितासंग्रहात, तिच्यावर एक कविता लिहिली. ती गोष्ट अशी.

एके दिवशी एक लहान मुलगी आपल्या जखमा झाकत दवाखान्याच्या दारातून आत आली. तिला कुष्ठरोग होता. लिलियनबाई मागे सरल्या. चाळीसहून अधिक वर्षे रुग्णांत वावरलेली ही परिचारिका, जिने कृष्णवर्णीयांच्या झोपड्यांत रात्री काढल्या होत्या, ती मागे सरली! पण डॉक्टरांनी हाक मारली आणि या मुलीचे काम तुम्हीच करायचे, असे सांगितले. लिलियनबाईंनी तोंडावर आवरण बांधले, घाईघाईने इंजेक्शन दिले आणि तेथून निघून जाऊन एकांत गाठला. मग त्यांनी आपले सारे अंग घासघासून धुतले, इतके की कातडी लाल झाली.

दर आठवड्यास ती मुलगी येई. दर आठवड्यास लिलियनबाईंच्या पोटात गोळा उठे. मुलीविषयी राग नव्हता. किळस होती ती त्या कामाची. तरी त्या दर आठवड्यास त्या खोलीत गेल्या. हळूहळू भीती ओसरू लागली. मग तोंड न फिरवता त्या मुलीकडे पाहता येऊ लागले. औषधाने जखमा भरत गेल्या तसा मुलीचा चेहरा फुलू लागला. ती डोळे वर करून बघे. दोघी हसत. मराठीतले चार शब्द एकमेकींशी बोलत. मग एकमेकींचा हात धरू लागल्या. आणि एक दिवस असा आला की, लिलियनबाईंनी त्या मुलीचे चुंबन घेतले आणि त्यांना विटाळ झाल्यासारखे मुळीच वाटले नाही.

आधी स्पर्श, की आधी शुद्धी?

वाचकहो, येथे क्षणभर थांबू या. मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात एक कुष्ठरोगी प्रभू येशूपुढे गुडघे टेकतो, तो प्रसंग तुम्हांस ठाऊक आहे. तेथे मूळ ग्रीक भाषेत प्रभूच्या करुणेसाठी जे क्रियापद बहुतेक हस्तलिखितांत आढळते ते 'आतडी' या अर्थाच्या शब्दापासून बनलेले आहे. 'दया' हा शब्द त्यापुढे थोडा कोमट वाटतो. आपल्या बायाबापड्या एखाद्याचे दुःख पाहून आतडे तुटते म्हणतात, तेच ते. आणि त्या कथेतील क्रम पाहा. प्रभू आधी हात पुढे करून त्याला स्पर्श करतो, आणि शुद्धी त्यानंतर होते. नियमशास्त्राचा क्रम याच्या उलट होता. माणूस आधी शुद्ध व्हावा, याजकाने ते पाहावे, मगच त्याला वस्तीत घ्यावे.

येथे भाषांतरकाराची आणखी एक अडचण सांगतो. जुन्या करारातील ज्या इब्री शब्दाचे आपण कुष्ठरोग असे भाषांतर करत आलो, त्याचा अर्थ पुष्कळ व्यापक आहे. लेवीय पुस्तकाच्या तेराव्या आणि चौदाव्या अध्यायांत तोच शब्द वस्त्रांवरच्या आणि घराच्या भिंतींवरच्या चट्ट्यांसाठीही आला आहे. डॉक्टर हॅन्सन यांनी १८७३ साली ज्याचा जंतू शोधून काढला तो रोग आणि लेवीय पुस्तकातील चट्टा, हे एकच नव्हेत. तरीही शतकानुशतके त्या एका शब्दाच्या सावलीत लाखो आजारी माणसे अशुद्ध ठरली. भाषांतरातील एक शब्द माणसाला गावाबाहेर घालवू शकतो, हे ध्यानात आले की लेखणी थरथरते.

लिलियनबाईंना प्रभूचा क्रम पहिल्या दिवशी साधला नाही. त्या दिवशी त्यांनी हात धुतले. हात धरला तो पुष्कळ आठवड्यांनंतर. आपल्यापैकी बहुतेकांची गत याहून वेगळी नाही. संतांच्या चरित्रांत किळस एका प्रार्थनेत नाहीशी होते, आणि आपली तशी होत नाही म्हणून आपण सेवेला नालायक आहोत, असे समजून घरी बसतो. विक्रोळीची ही गोष्ट आपल्याला वेगळे सांगते. किळस येणे हा अपराध नव्हे. पुढच्या आठवड्यात त्या खोलीत न जाणे हा अपराध ठरतो. प्रेम आधी मनात भरून मग हातांत उतरते, असे नेहमी होत नाही; कित्येकदा ते हातांतून मनात चढत जाते.

देणे आणि घेणे

त्या वसाहतीत एक माळी होता. त्याच्या लहान मुलीला लिलियनबाई लिहायला-वाचायला शिकवू लागल्या. तो बागेतली ताजी भाजी आणि फुले त्यांना आणून देई. आर्चरीतील कोंबडी आणि अंडी पुन्हा भेटली म्हणायची! जी बाई गरिबाच्या हातून आनंदाने घेऊ शकत होती तिलाच गरिबाला खऱ्या अर्थाने देता आले.

१५ ऑगस्ट १९६८ रोजी लिलियनबाई सत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांनी घरी एक पत्र लिहिले. आपल्याला जे आवश्यक वाटत होते त्या साऱ्यापासून दूर, जगाच्या या कोपऱ्यात, जीवन कशासाठी आहे ते आपल्याला उमगले, असा त्या पत्राचा आशय होता. स्वतःला इतरांत वाटून टाकावे आणि इतरांचे प्रेम स्वीकारावे, एवढेच ते उत्तर होते. यातील दुसरा भाग आपण सेवक लोक विसरतो. आम्हांला देणे आवडते, कारण देणाऱ्याचा हात वर असतो. शिमोन पेत्रालाही प्रभूकडून पाय धुवून घेणे जड गेले होते.

ही पत्रे १९७७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांत एकटेपणा आहे, चिडचीड आहे, घरच्या माणसांची ओढ आहे. १९ ऑक्टोबर १९६७ रोजी जिमी आणि रोझलिन यांना तीन मुलग्यांच्या पाठीवर मुलगी झाली. तिचे नाव एमी. आजी सातासमुद्रापार विक्रोळीत होती. नातीला मांडीवर घेण्याचे सुख तिला मिळाले नाही. त्याच काळात पराभवाने खचलेल्या जिमीचे मन, बहीण रूथ हिच्याशी झालेल्या संवादानंतर, नव्याने ख्रिस्ताकडे वळले, आणि १९६८ साली तो अनोळखी लोकांच्या दारोदारी साक्ष देत फिरला. आई विक्रोळीत दारोदारी, मुलगा अमेरिकेत दारोदारी. दोघांनाही देवाने एकाच वेळी कामाला लावले होते. पौलाने तीमथ्याला त्याची आजी लोईस व आई युनीके यांच्या विश्वासाची आठवण दिली आहे. विश्वास असा घराण्यातून वाहतो. पण प्रत्येक पिढीला तो स्वतःच्या पायांनी चालून घ्यावा लागतो.

सप्टेंबर १९६८ मध्ये, भारतात एकवीस महिने काढून, लिलियनबाई मायदेशी परतल्या. त्या फार रोडावल्या होत्या. मुलांनी त्यांच्यासाठी तळ्याकाठी एक घर बांधून ठेवले होते. आणि अकरा महिन्यांची एमी वाट पाहत होती.

आजी

१९७६ साली जिमी कार्टर राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले तेव्हा ते व रोझलिन महिनोन् महिने दौऱ्यावर असत. एमीचा सांभाळ आजी करी. विक्रोळीत राहून गेलेला काळ जणू ती व्याजासह परत करीत होती. शिवाय प्लेन्सच्या जुन्या रेल्वे स्थानकातील प्रचार कचेरीत ती येणाऱ्याजाणाऱ्यांशी गप्पा मारत बसे. मुलगा निवडून आला आणि जानेवारी १९७७ मध्ये अधिकारारूढ झाला.

अवघ्या तीन आठवड्यांनी, ११ फेब्रुवारी १९७७ रोजी, भारताचे राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांचे निधन झाले. अंत्यविधीसाठी अमेरिकेतर्फे लिलियनबाईंना पाठवण्यात आले. सोबत नातू चिप होता. त्या भेटीत त्या पुन्हा विक्रोळीस गेल्या. चपला झिजवीत जेथे चालल्या होत्या तेथे आता मोटारींचा ताफा होता. पण लोक गोळा झाले ते राष्ट्राध्यक्षांची आई पाहण्यासाठी तसेच आपली जुनी नर्सबाई पाहण्यासाठीही.

अखेर

लिलियनबाई सोवळ्या साध्वी नव्हत्या. त्यांची जीभ तिखट होती. बेसबॉलचा खेळ, मासे धरणे, पत्ते, आणि कधी मद्याचा पेलाही त्यांना आवडे. मंडळीतील काहीजणांना हे रुचत नसे, आणि तुमच्यापैकी काहींनाही रुचणार नाही. ते दडवून मी त्यांचे चित्र रंगवणार नाही. देवाने त्यांना जशा होत्या तशाच कामी घेतले.

शेवटची वर्षे दुखण्याची गेली. त्यांना कर्करोग झाला. २६ सप्टेंबर १९८३ रोजी धाकटी मुलगी रूथ, जिने ख्रिस्ताच्या नावाने पुष्कळांच्या मनाच्या जखमा बऱ्या होण्यासाठी सेवा केली होती, तीही त्याच रोगाच्या दुसऱ्या प्रकाराने गेली. आईने लेकीचे जाणे पाहिले आणि ३० ऑक्टोबर १९८३ रोजी, पंचाऐंशीव्या वर्षी, तिच्यामागे प्रभूघरी गेली. प्लेन्स येथील लेबनान मंडळीच्या दफनभूमीत त्यांचा देह विसावला आहे.

१९८६ पासून पीस कोअर आपल्या वयस्क स्वयंसेवकांना त्यांच्या नावाने पुरस्कार देऊ लागली. अटलांटाच्या एमरी विद्यापीठातील परिचारिका महाविद्यालयात त्यांच्या नावाचे केंद्र उभे राहिले. त्यांच्या मुलाने सत्ता गेल्यानंतर उरलेले आयुष्य दुर्लक्षित रोगांविरुद्ध वेचले. त्यांत आफ्रिकेतील नारू हा रोग प्रमुख होता. राजस्थानच्या लोकांना या रोगाची आठवण सांगावी लागत नाही. भारतातील अखेरचा रुग्ण १९९६ साली जोधपूर जिल्ह्यातच आढळला आणि आपल्या देशाने स्वतःच्या प्रयत्नांनी हा रोग हद्दपार केला. जिमी कार्टर २९ डिसेंबर २०२४ रोजी शंभराव्या वर्षी वारले. जगाने त्यांची स्तुती केली. मला मात्र राहून राहून ते काळे टेबल आणि त्यावरची चिठ्ठी आठवत होती.

आपल्यासाठी

आज कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो. १९८० च्या दशकापासून एकापेक्षा अधिक औषधांची एकत्र उपचारपद्धती सुरू झाली आणि असंख्य लोक बरे झाले. पण भीती औषधाने जात नाही. आपल्या ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या घटस्फोटाच्या कायद्यात कुष्ठरोग हे विवाह मोडण्याचे एक कारण म्हणून २०१९ पर्यंत लिहिलेले होते. संसदेने ते काढले. वेलस्ली बेली यांनी १८७४ साली ज्या मिशनचा पाया घातला त्या कुष्ठसेवेचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या मंडळ्यांनी त्यासाठी किती आवाज उठवला होता, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

आणि कुष्ठरोग तर एक उदाहरण. तुमच्या मंडळीत एखादे कुटुंब असे असेल की, ज्याच्या शेजारी बाकावर जागा रिकामी राहते. त्याची जुनी जात, त्याचा आजार, त्याच्या मुलाचा तुरुंगवास, त्याच्या मुलीचे मोडलेले लग्न, कारण काहीही असो. तेथे जाऊन बसावयास तुमचे मन कचरत असेल, तर त्याची लाज बाळगू नका. पण पुढच्या रविवारी तेथे जाऊन बसा. आणि त्याच्या पुढच्या रविवारीही. निवृत्त होऊन खिडकीपाशी बसलेल्या माझ्या वडीलधाऱ्या भगिनींनो, अडुसष्टाव्या वर्षी मराठी शिकावयास बसलेली ती आजी तुम्हांला हाक मारते आहे.

विक्रोळीच्या त्या मुलीचे नाव आपल्यापाशी नाही. ते देवापाशी आहे. तिच्या हातात गुंफलेला तो म्हातारा हात आपल्याला आठवत राहो, आणि ज्याने आपल्या अशुद्धतेत आधी हात पुढे केला त्या प्रभूचे रूप आपल्या हातांतही दिसो. आमेन.